उभ्या तारेचे दुसरे अंग

घरात रेडिओ असणे ही ज्या काळी प्रतिष्ठेची गोष्ट समजली जाई, त्या काळच्या रेडिओच्या पेटीमागे तारा जोडण्यासाठी दोन लहान खाचा असत. एकीत आकाशतार अडकवावयाची. ती छपरावर दोन बांबूंच्या मध्ये ताणलेली असे, नाही तर तांब्याच्या जाळीदार पट्टीच्या रूपाने खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत टांगलेली असे. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर तिच्यावर जाई आणि या घरी रेडिओ आहे हे न विचारता कळे. दुसऱ्या खाचेतून निघणारी तार मात्र कोणाच्या ध्यानात येत नसे. ती खिडकीतून मुकाट्याने खाली उतरे आणि पाण्याच्या नळाला गुंडाळलेली किंवा ओलसर मातीत पुरलेल्या पत्र्याला जोडलेली असे. पुष्कळ घरांत तर ती जोडण्याची तसदीही कोणी घेत नसे. ऐकण्याचे काम तिच्यावाचून निभावून जाई.

बोलण्याचे काम मात्र तिच्यावाचून निभावत नाही. स्वतःच्या हौसेने बिनतारी संदेश पाठविणाऱ्या मंडळींना, म्हणजे ज्यांना जगभर ‘हॅम’ या नावाने ओळखले जाते त्यांना, हा धडा प्रत्येक पिढीत नव्याने शिकावा लागला आहे. पाठीवरच्या पिशवीत मावणारे यंत्र घेऊन ही मंडळी डोंगरावर, समुद्रकाठी किंवा संकटग्रस्त गावी जातात, तेव्हा बरोबर कोणती आकाशतार न्यावी हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न असतो. झाडाचा किंवा खांबाचा आधार न शोधता उभी करता येते, थोडी जागा व्यापते आणि चारी दिशांना सारखीच ऐकू जाते म्हणून उभ्या आकाशतारेकडे मन सहज ओढले जाते. परंतु उभी तार दिसते तेवढीच नसते. तिचे अर्धे अंग जमिनीत असते. ते अर्धे अंग बरोबर कसे न्यावयाचे, या एका प्रश्नाचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

या इतिहासाचा आरंभ जर्मनीतील कार्ल्सरूह येथे होतो. तेथे हाइनरिख हर्ट्झने १८८६ ते १८८८ या काळात विद्युच्चुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या. त्याच्या प्रक्षेपकाला एकाच रेषेत परस्परांपासून दूर जाणारे दोन बाहू होते आणि दोहोंच्या मध्ये ठिणगी उडत असे. एका बाहूत विद्युत्प्रवाह शिरला की दुसऱ्यातून तो तितकाच बाहेर येई. हे स्वतःपुरते पूर्ण असे यंत्र होते. जमिनीशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याचा पल्ला मात्र प्रयोगशाळेच्या खोलीपुरताच होता आणि खुद्द हर्ट्झला त्यापासून व्यवहारात काही उपयोग होईल असे वाटत नव्हते.

तो उपयोग गुल्येल्मो मार्कोनी या इटालियन तरुणाने दाखविला. बोलोन्या शहराजवळ पोन्तेक्यो येथे त्याच्या वडिलांची वाडी होती. तेथे १८९५ साली त्याने हर्ट्झच्या दोन बाहूंपैकी एक उंच हवेत चढविला आणि दुसरा जमिनीत पुरला. एवढ्याशा फेरफाराने विलक्षण फरक पडला. खोलीपुरत्या असलेल्या लहरी बागेपलीकडे, शेतापलीकडे आणि अखेर समोरच्या टेकडीच्याही पलीकडे पोहोचल्या. टेकडीमागे ग्राहक यंत्र घेऊन गेलेल्यांनी संदेश मिळताच बंदुकीचा बार काढला आणि त्या आवाजावरून मार्कोनीला आपले यश कळले. पुढच्याच वर्षी, २ जून १८९६ रोजी, त्याने इंग्लंडमध्ये पेटंटासाठी अर्ज केला.

जमिनीत पुरलेल्या बाहूने नेमके काय केले, हे समजण्यासाठी देवळापुढचे कुंड डोळ्यांसमोर आणावे. कुंडातले पाणी निश्चल असले की काठावरची दीपमाळ पाण्यात उलटी दिसते आणि पाहणाऱ्याला दुप्पट उंचीच्या दीपमाळेचा भास होतो. उत्तम विद्युद्वाहक जमीन उभ्या तारेसाठी असेच काम करते. लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी तार जमिनीवर उभी केली, तर जमीन तिचे तेवढेच प्रतिबिंब पुरविते आणि दोन्ही मिळून हर्ट्झची जोडी पूर्ण होते. पण पाणी गढूळ असले की प्रतिबिंब जसे नाहीसे होते, तशीच गत जमीन कोरडी किंवा खडकाळ असली म्हणजे होते. तारेत वर चढणारा प्रवाह जमिनीतूनच परत यावयाचा असतो. वाट बिकट असेल तर त्याची शक्ती माती तापविण्यात खर्च होते.

वाहून नेण्याजोग्या उभ्या तारेचा पहिला मोठा प्रसंगही मार्कोनीच्याच चरित्रात सापडतो, आणि तो त्याच्यावर नाइलाजाने आला होता. अटलांटिक महासागर ओलांडण्यासाठी त्याने इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला पोल्ड्यू येथे प्रत्येकी २०० फूट उंचीच्या २० डोलकाठ्यांचे वर्तुळ उभारले होते. १७ सप्टेंबर १९०१ रोजी वादळाने ते भुईसपाट केले. अमेरिकेच्या किनाऱ्यावरील त्याच्या तशाच केंद्राचीही पुढे तीच गत झाली. तेव्हा मार्कोनीने पोल्ड्यू येथे साधी तात्पुरती रचना केली आणि स्वतः दोन साहाय्यकांसह न्यूफाउंडलंड बेटावरील सेंट जॉन्स गावी जाऊन सिग्नल हिल या टेकडीवर ठाण मांडले. तेथे मनोरा बांधावयास सवड नव्हती. त्याने बरोबर फुगे आणि पतंग आणले होते. फुगा वाऱ्याने हिरावून नेला, एक पतंगही गेला. शेवटी १२ डिसेंबर १९०१ रोजी एका पतंगाने सुमारे १५० मीटर लांबीची तार वर उचलून धरली. तारेचे खालचे टोक यंत्राला आणि यंत्र जमिनीत पुरलेल्या धातूच्या पत्र्यांना जोडलेले होते. कानाला लावलेल्या श्रवणयंत्रात मार्कोनीला तीन टिंबे, म्हणजे मोर्स लिपीतील ‘एस’ हे अक्षर, ऐकू आल्याचे त्याने जाहीर केले. खरोखरच ते ऐकू आले असेल काय, याविषयी तज्ज्ञांत आजही दुमत आहे. परंतु आकाशतार पाठीवर नेऊन वाऱ्यावर उभी करता येते आणि तिच्यासाठी जमिनीत पत्रे पुरावे लागतात, या दोन गोष्टी त्या टेकडीवर एकत्र दिसल्या.

मग जेथे जमीनच नाही तेथे काय करावयाचे? हा प्रश्न आकाशात हिंडणाऱ्यांनी लवकरच विचारला. जर्मनीतील झेपेलिन विमाननौकांवर बिनतारी यंत्र बसवावयाचे ठरले, तेव्हा पत्रा पुरावयास खाली माती नव्हती. या अडचणीवर हान्स बेगेरो याने शोधलेल्या उपायाचे पेटंट १९०९ सालचे आहे. चौथ्या हिश्शाऐवजी लहरीच्या निम्म्या लांबीची तार खाली लोंबत सोडावयाची आणि तिला टोकाकडून शक्ती पुरवावयाची, असा तो उपाय होता. निम्म्या लांबीच्या तारेत प्रवाह मध्यभागी जोरकस आणि टोकाशी अगदी क्षीण असतो. त्यामुळे टोकाशी जमिनीची गरज जवळजवळ उरत नाही. तार आपले दुसरे अंग आपल्यातच सामावून घेते. हौशी मंडळींत ‘झेप’ या लाडक्या नावाने आणि पुढे इंग्रजी जे अक्षराच्या आकाराच्या उभ्या आकाशतारेच्या रूपाने ही युक्ती आजतागायत टिकून आहे.

तरीही सामान्य हौशी माणसाला उभी तार बरोबर नेणे त्या काळी शक्य नव्हते. आड येत होती ती लहरींची लांबी. तेव्हाचे बिनतारी दळणवळण शेकडो, हजारो मीटर लांबीच्या लहरींवर चाले. जितकी लहर लांब तितका पल्ला मोठा, असा सर्वांचा समज होता. अमेरिकेने १९१२ साली कायदा करून हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींकडे लोटले, ते या लहरी निरुपयोगी आहेत अशा समजुतीनेच. परंतु टाकाऊ म्हणून मिळालेल्या या जमिनीत हौशी मंडळींनी सोने पिकविले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील नीस येथील लेओं दलॉय आणि अमेरिकेतील हार्टफर्ड येथील फ्रेड श्नेल या दोघांनी १०० मीटरच्या आसपासच्या लहरींवर अटलांटिकच्या दोन तीरांवरून एकमेकांशी संभाषण केले. आखूड लहरी वातावरणाच्या वरच्या आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो मैल जातात, हे त्यातून जगाला कळले.

या शोधाचा आणखी एक परिणाम झाला. लहर आखूड झाली तशी तारही आखूड झाली. २०० मीटर लहरीचा चौथा हिस्सा ५० मीटर, म्हणजे मोठ्या मंदिराच्या कळसाहूनही उंच. ४० मीटर लहरीचा तो १० मीटर, म्हणजे तिमजली घराएवढा. २० मीटर लहरीचा ५ मीटर, म्हणजे एका लांब बांबूएवढा, आणि २ मीटर लहरीचा तर अर्धाच मीटर. मनोऱ्याची काठी झाली आणि काठी हातात धरून चालता येऊ लागले. घराबाहेर, उघड्या रानात, तात्पुरती यंत्रे मांडून संदेश पाठविण्याचा सराव असावा म्हणून अमेरिकेतील हौशी मंडळींच्या संघटनेने १९३३ साली ‘फील्ड डे’ हा वार्षिक उपक्रम सुरू केला. तो आजही चालू आहे.

हिंदुस्थानात ही हौस १९२१ साली अवतरली. कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्त हे या देशातील पहिले परवानाधारक हौशी प्रक्षेपक होत आणि मुकुल बोस हे दुसरे. १९२९ पासून भारतीय केंद्रांच्या संकेतनामांचा आरंभ ‘व्हीयू’ या अक्षरांनी होऊ लागला. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच सरकारने नवे परवाने देणे बंद केले आणि असलेल्यांना आपली प्रक्षेपणयंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करण्याचा हुकूम काढला.

तरीही या बंदीच्या काळात मुंबईतून एक आवाज उठलाच. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली. अशा वेळी बावीस वर्षांच्या उषा मेहता यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालविला. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर त्याचे पहिले प्रक्षेपण झाले. पोलिसांची शोधपथके मागावर असल्यामुळे केंद्राची जागा वारंवार बदलावी लागे. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी ते पकडले आणि उषा मेहता यांना चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. ४२.३४ मीटरचा चौथा हिस्सा साडेदहा मीटर होतो. यंत्राची पेटी कापडात गुंडाळून दुसऱ्या घरी नेता येते, परंतु एवढ्या लहरीला साजेशी तार नव्या जागी कोणाच्या नजरेस न पडता पुन्हा मांडणे, हे या धाडसाचे सहसा न उल्लेखले जाणारे अंग आहे.

याच युद्धात सैन्यासाठी बनविलेल्या दोन यंत्रांची तुलना फार उद्बोधक आहे. अमेरिकन सैनिकाच्या हाती दिलेले ‘हँडी टॉकी’ हे यंत्र ५० ते ८५ मीटरच्या लहरींवर काम करी. त्या लहरींचा चौथा हिस्सा १२ मीटरांहून अधिक, पण यंत्रावरची काठी जेमतेम एक मीटर. जमिनीवर त्याचा पल्ला मैलभराचा असे. दुसरे ‘वॉकी टॉकी’ पाठीवर बांधावयाचे होते. ते सुमारे सात मीटरच्या लहरींवर चाले आणि त्याच्याबरोबर दोन काठ्या दिलेल्या असत. चालताना लावावयाची ३३ इंचांची होती आणि मोठा पल्ला हवा असेल तेव्हा जोडावयाची पावणेअकरा फुटांच्या घरातली होती. त्याचा पल्ला सुमारे तीन मैलांचा. पहिल्यात काठी लहरीच्या मानाने फारच तोकडी होती, दुसऱ्यात ती लहरीला साजेशी होती. दोन्ही यंत्रांची शक्ती सारखी नव्हती हे खरे, तथापि तोकड्या काठीला काय किंमत मोजावी लागते हे त्यावरून दिसते.

ही किंमत आकड्यांतही मांडता येते. तार लहरीत जी शक्ती ओतते ती तिच्या ‘उत्सर्जन रोधा’वर अवलंबून असते. चौथ्या हिश्शाच्या पूर्ण उंचीच्या तारेत हा रोध सुमारे ३६ ओहम असतो. ४० मीटरच्या लहरीसाठी दहा मीटरांऐवजी अडीच मीटरची काठी घेतली आणि उरलेल्या लांबीची भरपाई बुडाशी तारेचे वेटोळे बसवून केली, तर यंत्राची समजूत पटते, पण उत्सर्जन रोध सुमारे दीड ओहमवर येतो. कारण उंची निम्मी केली की हा रोध चौथाई होतो. आता वेटोळ्याचा रोध दहा आणि जमिनीचा दहा, असे वीस ओहम धरले, तर दर शंभर भागांपैकी सातच भाग आकाशात जातात. बाकीचे त्र्याण्णव भाग वेटोळे आणि माती तापविण्यात संपतात. त्याच जमिनीवर पूर्ण उंचीची तार उभी केली असती, तर अठ्ठ्याहत्तर भाग आकाशात गेले असते. डोंगरावर नेलेल्या यंत्राची शक्ती मुळातच पाच-दहा वॉटची असते. तिच्यातील सातच टक्के हाती लागावे, हा सौदा फार महाग आहे. आश्चर्य एवढेच की तोकडी काठी घेणाऱ्याला आपण फसलो हे पुष्कळदा कळतही नाही. मापक यंत्राची सुई सर्व ठीक असल्याचे दाखविते. वीस ओहमचा तोटा सुईच्या दृष्टीने तोटा नसतो.

जमिनीच्या या तोट्याचा पद्धतशीर हिशेब १९३७ साली प्रथम मांडला गेला. अमेरिकेतील जॉर्ज ब्राऊन, लुइस आणि एप्स्टाइन या तीन अभियंत्यांनी उभ्या आकाशतारेच्या बुडापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे सर्व दिशांना तारा पुरल्या. कधी १५, कधी ३०, कधी ६० आणि कधी ११३ तारा पुरून त्यांनी दर वेळी लहरीची तीव्रता मोजली. पुरेशा तारा पसरल्या की मातीचा तोटा जवळजवळ नाहीसा होतो, असे आढळले. अशा जमिनीवर कमी उंचीची तारही पूर्ण उंचीच्या तारेच्या जवळपास काम देते, हेही दिसले. तारा थोड्या असतील तर त्या फार लांब करून विशेष लाभ होत नाही. त्यापेक्षा आखूड का होईना, पण संख्येने अधिक घालाव्यात, हा या प्रयोगांचा तिसरा धडा होय. मध्यम लहरींवरील मोठ्या नभोवाणी केंद्रांच्या मनोऱ्याभोवती १२० तारा पुरण्याची रूढी या प्रयोगांतूनच रुजली. मनोरा आकाशाला भिडलेला दिसतो. त्याच्या पायाशी पुरलेल्या मैलोन्‌मैल तांब्याची प्रवाशाला कल्पनाही नसते.

पण हे झाले पक्क्या केंद्राचे. वाटसरूने १२० तारा कोठे पुराव्यात? त्यालाही उत्तर ब्राऊन यांच्याच कामात मिळाले. आकाशतारेचे बूडच जमिनीपासून उंच उचलले आणि त्याला आडव्या तारा जोडल्या, तर मातीचा संबंधच तुटतो आणि थोड्याच तारा पुरतात. या रचनेला ‘ग्राउंड प्लेन’ असे नाव पडले. ब्राऊन यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी की, मुळात समोरासमोरच्या दोनच आडव्या काठ्या पुरेशा होत्या. पण दोन काठ्यांची वस्तू चारी दिशांना सारखी ऐकू जाते यावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसणार नाही, असे विक्री करणाऱ्यांना वाटले आणि काठ्या चार झाल्या. आज जगभर घराघरांच्या गच्चीवर दिसणाऱ्या अशा आकाशतारांच्या चार पायांतील दोन पाय या अविश्वासाचे आहेत!

अशा रीतीने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उभ्या तारेचे दुसरे अंग बरोबर नेण्याचे तिन्ही मार्ग सापडलेले होते. तारा पसरून जमीन सुधारावयाची, जमीन स्वतःच तारांच्या रूपाने उंच उचलून न्यावयाची, किंवा निम्म्या लहरीची तार घेऊन जमिनीचा नादच सोडावयाचा. त्यानंतरच्या काळाने यात तत्त्वाची भर घातली नाही, सामग्रीची घातली. दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकात एक सरकणाऱ्या पाच मीटरच्या पोलादी काठ्या निघाल्या. मासेमारीच्या गळासारख्या काचतंतूंच्या हलक्या, दहा मीटरपर्यंत वाढणाऱ्या काठ्या निघाल्या, त्यांवर साधी तार गुंडाळली की भागते. निम्म्या लहरीच्या तारेच्या टोकाशी जो हजारो ओहमचा रोध असतो, तो यंत्राला रुचणाऱ्या ५० ओहमवर आणणारी मुठीएवढी रोहित्रे निघाली. २ मार्च २००२ रोजी इंग्लंडमध्ये डोंगरशिखरांवरून संदेश पाठविण्याचा एक उपक्रम सुरू झाला. तो पुढे अनेक देशांत पसरला आणि पिशवीतील आकाशतार हा मोठ्या चर्चेचा विषय झाला.

अशा वेळी निवड कशी करावी? इतिहासाचे उत्तर असे की, काठीकडे पाहण्यापूर्वी पायांखाली पाहावे. समुद्राचे खारे पाणी सामान्य मातीच्या मानाने सुमारे हजारपट चांगले विद्युद्वाहक असते. कोकणच्या किनाऱ्यावर, लाटांच्या अगदी जवळ उभी केलेली पाच मीटरची काठी आणि ओल्या वाळूवर टाकलेल्या चार-दोन तारा २० मीटरच्या लहरीवर सातासमुद्रांपलीकडे हाक पोहोचवू शकतात. मार्कोनीची मोठी केंद्रे समुद्रकाठी होती, हा त्यांना लाभलेला मोठाच फायदा होता. तीच काठी सह्याद्रीच्या एखाद्या शिखरावर उन्हाने तापलेल्या काळ्या कातळावर उभी केली, तर खाली प्रतिबिंब दाखवील असे काही नसते. तेथे सोळा-वीस आखूड तारा कातळावर अंथराव्यात, किंवा काठीचे बूड उंच बांधून दोन-चार तारा अधांतरी ताणाव्यात, किंवा जागा आणि उंची असेल तर निम्म्या लहरीची तार काचतंतूंच्या काठीवर चढवावी. वेटोळ्याची तोकडी काठी अगदीच हिणकस नव्हे. चालत्या मोटारीवर किंवा सोसाट्याच्या वाऱ्यात दुसरे काही टिकत नाही. पण ती घेताना तिची किंमत ठाऊक असावी. वेटोळे जाड तारेचे असावे आणि बुडाऐवजी मध्यावर बसविता आले तर बसवावे, कारण तेणेकरून तारेच्या खालच्या भागात प्रवाह अधिक राहतो आणि उत्सर्जन वाढते.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे: कोणाशी बोलावयाचे आहे? उभी तार आपली शक्ती क्षितिजालगत फेकते, डोक्यावरच्या आकाशाकडे जवळजवळ काहीच पाठवीत नाही. दूरच्या माणसासाठी हा गुण आहे. शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या माणसासाठी तो दोष आहे, कारण त्याच्याकडे जाणारी लहर जवळजवळ सरळ वर जाऊन आयनांबरावरून परत यावी लागते. अशा वेळी दोन झाडांच्या मध्ये डोक्याएवढ्या किंवा थोड्या अधिक उंचीवर आडवी ताणलेली साधी तार उत्तम उभ्या काठीवर मात करते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात आणि २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा हौशी मंडळी आपली यंत्रे घेऊन मदतीला धावली. अशा प्रसंगी निरोप पुष्कळदा शेजारच्या जिल्ह्यात किंवा राज्याच्या राजधानीत पोहोचवावयाचा असतो. परदेशाशी संभाषण करून दाखविणारी आकाशतार तेथे मुकी ठरू शकते.

याउलट प्रसंग २००४ साली अंदमानात आला. श्रीमती भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी त्या डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला गेले होते, ते त्या बेटांवरून जगभरच्या हौशी मंडळींशी संभाषण करण्यासाठी. २६ डिसेंबरच्या सकाळी सुनामी आली. नित्याची दळणवळणाची साधने कोलमडली. हौसेसाठी उभारलेले केंद्र त्याच दिवशी मदतीचे केंद्र झाले आणि बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवरील आप्तांपर्यंत पोहोचू लागली. पुढे कार निकोबारलाही हौशी मंडळींनी यंत्रे नेली. पोर्ट ब्लेअरपासून चेन्नई सुमारे साडेतेराशे किलोमीटर दूर आहे आणि मध्ये सारे खारे पाणी. क्षितिजालगत जाणारी लहर जेथे कामी यावी, असे याहून चांगले ठिकाण शोधूनही सापडावयाचे नाही.

तेव्हा आकाशतारेची निवड ही पेठेतील वस्तूची निवड नव्हे. जमीन कशी आहे, पलीकडचा माणूस किती दूर आहे आणि आपल्याला किती ओझे उचलता येईल, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याने घरून निघण्यापूर्वी दिली, त्याची निवड बहुधा चुकत नाही. ज्याने ती दिली नाहीत त्याच्या हाती अत्यंत महागडी काठी असली, तरी ती तो माती तापविण्यासाठीच वापरतो. आणि ज्या दिवशी पलीकडे कोणी जिवाच्या आकांताने कान लावून बसलेला असतो, त्या दिवशी हा फरक केवळ हौसेचा राहत नाही.

जुन्या रेडिओच्या पेटीमागची ती दुसरी खाच आता नाहीशी झाली आहे. खिशातल्या यंत्रांना बाहेर दिसणारी आकाशतारही उरली नाही, मग जमिनीची तार कोठून असणार? पण वादळाने मनोरे पाडले आणि खिशातली यंत्रे मुकी झाली, की कोणी तरी पुन्हा पिशवीतून काठी काढतो आणि ती मोकळ्या माळावर उभी करतो. त्याला ही विद्या खरोखर अवगत असेल, तर काठी उभी करून तो थांबत नाही. तो गुडघे टेकून खाली बसतो आणि तिच्या बुडाशी, आऱ्यांसारख्या, एकामागून एक तारा पसरू लागतो.